लावलेली गाजरं

गाजरांची रांग सुतासारखी सरळ होती आणि तिच्यात एकही गाजर नव्हतं.

मी त्या वाफ्यात शिरले ती पळालेल्या कोंबडीच्या मागे. एरवी तिकडे पाऊल टाकायची मला मुभा नाही. आमच्या दीड एकरात घराच्या मागच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचे वाफे वन्संचे, आणि कोंबड्या, फळझाडं व स्वयंपाकघर माझं, अशी वाटणी अकरा वर्षांपूर्वी झालेली आहे. कुणी केली असं विचाराल तर अर्थातच वन्संनी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. नोकरी सोडल्यावर साठलेल्या पैशातून ही जागा घेतली. माझा नवरा गेला तेव्हा चार दिवस राहून जा म्हणाल्या, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

कोंबडीला काखेत धरून मी वाकून बघितलं. सहा आठवड्यांपूर्वी वन्संनी इथे दोरी बांधून गाजराचं बी पेरलं होतं. आता वीतभर उंचीची, कातरलेल्या पानांची हिरवीगार रोपं उभी होती. लांबून कुणीही गाजरंच म्हणावीत. मला गाजरातलं फारसं कळत नाही, पण पानांचा रंग जरा राखाडी वाटला आणि अंगावर लवही दिसली. एक रोप उपटलं. खाली दोऱ्याएवढं पांढरं मूळ. दुसरं उपटलं, तेही तसंच. गाजरगवत होतं ते. या टोकापासून त्या टोकापर्यंत निव्वळ गाजरगवत, वेळेवर पाणी दिलेलं, खत घातलेलं, दोन्ही बाजूंनी निंदून लख्ख केलेलं. वाफ्याच्या कडेला निंदणाचा वाळलेला ढीग होता. खरी गाजरं त्या ढिगात होती, बोटभर लांब, सुकून गेलेली.

मला आधी हसू आलं, हे कबूल करते. मग हातातली रोपं खाली टाकली.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन वर्षांत दोनदा बदललेला चष्मा. "नंबर वाढलाय, वयाचं आहे," एवढंच वन्संनी सांगितलं होतं. डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या होत्या. सकाळचा पेपर त्या मला मोठ्याने वाचायला लावायला लागल्या होत्या. "तुझा आवाज चांगला आहे," असं म्हणाल्या होत्या, आणि बासष्ट वर्षांत असं कुणीच न म्हटल्यामुळे मी फुगून जाऊन अग्रलेखसुद्धा वाचत होते. गेला महिनाभर त्यांच्या हातांवर पुरळ उठलं होतं आणि मी आणलेल्या नव्या साबणाला त्या दोष देत होत्या. साबण बिचारा. रोज सकाळी त्या गाजरगवत कुरवाळत होत्या.

पण त्या कशाला धडकत नव्हत्या, ठेचकाळत नव्हत्या, फाटकात कोण आलंय ते बरोबर ओळखत होत्या. मग मला कसा संशय यावा?

कोंबडीला खुराड्यात टाकून मी पायरीवर बसले. दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर आम्ही दोघींनी चहा पिता पिता वर्षभर त्यावर हसून घेतलं असतं. वन्संचं तसं नव्हतं. त्या जमीन मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर होत्या. तीस वर्षं लोकांच्या शेतांचे नकाशे शाईने काढले. एकदा त्यांच्या हातून एक रेघ केसभर सरकली. नकाशावर केसभर, जमिनीवर चार पावलं. त्या चार पावलांवर एकाने भिंत बांधली, आणि मग ते उघडकीला आलं. चूक आपलीच आहे असं वन्संनी स्वतः लिहून दिलं, आणि निवृत्तीला दीड वर्ष असताना राजीनामा ठेवला. साहेबाने समजावलं, सगळ्यांनी हात टेकले. "चूक होते," त्या म्हणाल्या होत्या. "पण झालेली मला दिसली नाही. मग मी इथे काय करतेय?"

आणि या जागेबद्दलही त्यांनी शब्द देऊन ठेवला होता. आमच्या शेजारी एक गवंडी राहतो. त्याचा तुकडा आमच्या कुंपणाला लागून, अरुंद आहे. आमची जमीन त्याला मिळाली तर त्याचं सगळं जमतं. भला माणूस आहे, पण वर्षातून एकदा विचारल्याशिवाय राहत नाही. तीन वर्षांपूर्वी वन्संनी त्याला सांगितलं, "माझं काम मला दिसेनासं झालं की मीच येईन तुमच्याकडे. तोवर विचारू नका." त्यानंतर त्याने विचारलं नाही. वन्संचा शब्द म्हणजे काय हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे ही रांग वन्संच्या ध्यानात आली की दुसऱ्या दिवशी त्या गवंड्याच्या दारात उभ्या राहणार. मग आम्ही दोघी माझ्या मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मुलगी नाही म्हणणार नाही, जावईही चांगला आहे. पण वन्सं तिथे खिडकीपाशी खुर्चीत बसून राहतील. त्यांना तसं बसलेलं मला बघवणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. इथल्या पेरूला माझ्या हातचं पाणी आहे.

गवंड्याकडे गाजरं होती, हे मला कुंपणावरून दिसत होतं. त्याने मूठमूठ बी फेकलं होतं आणि नंतर तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दाट माजली होती. वन्संना दुपारी दोन ते चार झोपायची सवय आहे. त्या आडव्या झाल्या आणि मी टोपली घेऊन त्याच्या दारात गेले. तो नुकताच कामावरून जेवायला आला होता.

"गाजराची रोपं देता का थोडी?" मी विचारलं.

"रोपं? काकू, गाजराची रोपं कुणी नेतं होय? बी टाकायचं असतं."

"तुमची दाट झालीत. विरळ करायलाच हवीत."

"न्या की. पण ताईंकडे आहेत ना एवढी? परवा तर मी बघितलं, झकास रांग आहे."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यासाठी थोडी तयारी लागते. मी एक तर गप्प बसले असते किंवा सगळं सांगितलं असतं. सगळं सांगितलं. तो नखांतलं सिमेंट काढत ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याची नजर आमच्या कुंपणाकडे गेली, आणि तो काय बघतोय ते मला कळलं.

"म्हणजे," तो म्हणाला.

"म्हणजे काही नाही," मी म्हणाले.

तो उठला, जेवण तसंच ठेवून. घरातून थापी आणली आणि उकिडवा बसून मातीसकट रोपं काढायला लागला. टोपली भरली. मग अजून एक घमेलंभर काढली. "पाणी आधी घाला वाफ्यात," तो म्हणाला. "आणि मी काय बघितलं नाही."

दोन दुपारी गेल्या त्या कामात. पहिल्या दिवशी मी गाजरगवत उपटून कंपोस्टच्या खड्ड्याच्या तळाशी पुरलं आणि तिथे गाजरं खोचली, जमेल तेवढी सरळ. दुसऱ्या दिवशी उरलेली. सकाळी वन्सं हात फिरवून म्हणाल्या, "आज पानं मऊ लागतायत गं." मी म्हटलं ऊन वाढलंय. आठवड्याने रोपांनी माना वर केल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात वन्संच्या हातांवरचं पुरळ गेलं. मी दरम्यान जुना साबण परत आणला होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत," मी म्हणाले, आणि माझे खाजणारे हात पदराखाली घेतले.

तिथून पुढे मी दोन बागा सांभाळायला लागले, एक माझी आणि एक चोरून. दुपारी दोन वाजले की वन्संच्या वाफ्यात शिरायचं, त्यांनी ठेवलेलं तण काढायचं, त्यांनी काढून टाकलेला मुळा पुन्हा पेरायचा, आणि चारच्या आत आपल्या चपलांचे ठसे मिटवायचे. शिवाय मी एकामागून एक कामं काढली. वाटेच्या कडेच्या विटांना चुना दिला. म्हटलं, मुंग्या येत नाहीत. टाकीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना दोरीचा कठडा बांधला. म्हटलं, माझा गुडघा दुखतो. बियांच्या डब्यांना वेगवेगळ्या जाडीची सुतळी गुंडाळली, पालकाला एक वेढा, मुळ्याला दोन, वालाला तीन. त्याला मात्र मला काही कारण सुचलं नाही. "दिसायला छान दिसतं," असं म्हणाले.

"तुला भलतंच काहीतरी सुचायला लागलंय हल्ली," वन्सं म्हणाल्या. पण डबे त्या वापरायला लागल्या, आणि वाढलेला मुळा कधी नव्हे इतका चांगला आला म्हणून खूशही होत्या. मला अभिमान वाटत होता. कुणाला सांगता येत नव्हतं एवढीच हळहळ. कधीमधी कुंपणापलीकडून गवंडी विचारायचा, "जगली का?" मी मान हलवायची. एवढाच काय तो आमचा कट.

दोन महिन्यांनी वन्संनी गाजरं काढायला घेतली. सकाळची वेळ होती, मी खुराडं झाडत होते. नेहमी त्या काढता काढता मला ओरडून सांगतात, हे बघ केवढं, हे बघ काय रंग. त्या दिवशी काही आवाज नाही. बऱ्याच वेळाने हाक आली.

"वहिनी. इकडे ये."

त्यांनी काढलेली गाजरं जमिनीवर ओळीने मांडली होती. त्यातलं एक उचलून माझ्यापुढे धरलं. त्याला दोन पाय होते, एकमेकांवर टाकलेले.

"खडा आला असेल मधे," मी म्हणाले.

"याला आला असेल. पुढच्यालाही आला असेल. सव्वीस काढली मी. सगळ्यांना दोन पाय, काहींना तीन. माझ्या वाफ्यात खडा नसतो." त्यांनी गाजर खाली ठेवलं. "गाजर एका जागचं काढून दुसरीकडे लावलं ना, की मूळ दुखावतं. मग ते असं फुटतं. ही लावलेली आहेत, वहिनी. मी पेरली होती."

गवंडी म्हणाला होता, गाजराची रोपं कुणी नेतं होय. त्याला कारण माहीत नसेल, पण म्हणाला होता.

"माझ्या गाजरांचं काय झालं?"

"वन्सं, जाऊ दे ना."

"काय झालं?"

मी सांगितलं. गाजरगवताचंही सांगितलं, साबणाचंही, मुळ्याचंही. एकदा सुरू केल्यावर मागे काही ठेवलं नाही. वन्सं ऐकत होत्या आणि हातावरची माती अंगठ्याने काढत होत्या.

"रांग सरळ होती?" त्यांनी विचारलं.

"अगदी सरळ."

त्या उठल्या. गुडघे झटकले. "त्याला निरोप पाठव. नको, मीच जाईन उद्या. शब्द दिलाय मी."

"शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला."

"जमीन माझी आहे."

"हो, तुमची. कोंबड्या माझ्या आहेत. त्यांना कुठे नेऊ, मुलीच्या बाल्कनीत?" माझा आवाज चढला होता, तोच तो चांगला आवाज. "अकरा वर्षं मी इथे पाहुणी म्हणून राहिले का? ऑफिसात तुमची रेघ चुकली, तर एका माणसाची जमीन गेली. पटलं मला. इथे काय गेलं? दीडशे गाजरं गेली. बाजारात मिळतात."

"प्रश्न गाजरांचा नाही."

"मग कशाचा आहे? सांगा ना. कधीतरी सांगा."

वन्सं माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मला मधलं दिसत नाही. तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, खांदे दिसतात, केस दिसतात. तोंड दिसत नाही. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येत नाही, आणि अजून जाईल."

मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत. आठ महिने माझ्यासमोर जेवायला बसत होत्या आणि माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, आणि मी समोर बसून मीठ कमी आहे का विचारत होते.

"मग मला विचारायचं होतंत," मी म्हणाले.

"काय विचारायचं?"

"हे काय आहे, एवढंच. हे गाजर आहे का गवत आहे. लोक विचारतात, वन्सं. सगळं जग विचारतं. मी तुम्हाला दिवसातून दहादा विचारते, आणि तुम्ही मला दहादा अडाणी म्हणता, आणि माझं काही बिघडत नाही."

"मी कुणाला विचारून कधी रेघ ओढली नाही."

"माहीत आहे. म्हणून तर गाजरगवत शिजवून खायची वेळ आली होती."

एरवी त्या हसल्या असत्या. तशाच घरात गेल्या. मी गाजरं गोळा केली, धुतली, आणि दुपारी त्यांची भाजी केली. दोन पायांची असली तरी चवीला गोड होती. वन्संनी ती पानात बाजूला सारली. संध्याकाळी पेपर वाचू का विचारलं तर नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केस नीट विंचरले, बाहेर जायच्या चपला घातल्या, आणि जमिनीची कागदपत्रं असलेली कापडी पिशवी काखेत घेतली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अडवायचं नाही असं मी ठरवलं होतं. अडवल्याने त्या थांबल्या असत्या असं मुळीच नाही, उलट पाऊल अजून जोरात पडलं असतं. चुन्याच्या विटांमधून त्या फाटकापर्यंत गेल्या. पलीकडे गवंडी सायकलला थापी बांधत होता. पिशवी बघून तो जागच्या जागी थांबला.

"ताई, आली का गाजरं?" त्याने विचारलं. बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"आली," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांना दोन पाय आहेत."

"माझ्याकडची एकेका पायाची आहेत. घेऊन जा थोडी."

वन्संनी कडीवर हात ठेवला. तो पुढे बोलला नाही, आला नाही, फाटकही उघडलं नाही. सायकल धरून तसाच उभा राहिला. त्याला कामावर उशीर होत होता, हे मला माहीत होतं. मी विस्तवावरचं दूध विसरले आणि ते उतू गेलं. ते पुसून मी पुन्हा खिडकीशी आले तेव्हा गवंडी सायकलवर बसून निघाला होता, आणि फाटकाशी कुणी नव्हतं.

तशीच अनवाणी बाहेर धावले. वन्सं पालकाच्या वाफ्यात होत्या. पिशवी टाकीच्या काठावर ठेवलेली, बाहेरच्या चपला वाटेवर काढलेल्या. बुटकं स्टूल घेऊन त्या बसल्या होत्या, पण हात मांडीवरच होते.

"वहिनी," त्या म्हणाल्या. मी आले हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी वाकून एक रोप दोन बोटांत धरलं, न उपटता, आणि मान वर न करता विचारलं, "हे काय आहे?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"पालक."

त्यांनी ते सोडलं आणि पुढचं धरलं. "हे?"

"गवत."

उपटलं. "हे?"

"गवत."

"हे?"

"पालक. त्याच्या मागचं गवत."

असं करत आम्ही अर्ध्या वाफ्यापर्यंत आलो. ऊन पाठीवर आलं. त्या विचारत होत्या, मी सांगत होते, आणि दर वेळी विचारताना त्यांचा आवाज थोडा कमी कोरडा होत होता. मग एका रोपापाशी मी अडले. दोनच पानं होती, गोलसर, काठाला लालसर. पालक नव्हतं, आणि रोजचं कुठलं गवतही नव्हतं.

"सांग ना," वन्सं म्हणाल्या.

"मला नाही कळत हे," मी म्हणाले.

त्यांनी त्या पानांवरून बोट फिरवलं, एकदा उलट, एकदा सुलट.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे."

बुडाशी माती दाबून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.